ढोल्यांच्या भिंतीवरचा ढ

चि. शीतल हिला,

गोरेगावहून नर्मदामावशीचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. गुडघा आपल्या जागी आहे, म्हणजे दुखतो. शेळी व्याली, दोन्ही पिल्लं तिच्यासारखीच भांडखोर निघाली. तुझ्या आईची शुगर किती आहे ते ती मला फोनवर खरं सांगत नाही, तेव्हा तू सांग. आणि तू डोळ्यांना जप. दिवसभर एकेका अक्षराच्या पोटात बघत बसायचं म्हणजे सोनाराचं काम झालं, आणि सोनाराला निदान समोर सोनं तरी दिसतं.

फोन असताना मावशी पत्र का लिहून राहिली, असं तुला वाटेल. फोनवर मधेच रेंज जाते, हे एक. दुसरं, मी बोलायला लागले की आमच्या हळदीच्या बचतगटाच्या अध्यक्ष रुख्मिणीबाई शेजारी येऊन बसतात आणि दोन्ही बाजूंचं ऐकून मधे उत्तरं देतात. तिसरं म्हणजे तुला कोणाचंही अक्षर आवडतं. (माझं अक्षर भिजलेल्या कोंबडीसारखं आहे, पण कोंबडी ओळखू येते.) तुझं हे वेड मला जुनंच ठाऊक आहे. तुझ्या मामेबहिणीच्या लग्नात तू वरात सोडून सायकलच्या दुकानापुढे उभी राहिलीस आणि पाटीकडे बघत बसलीस. वरातीतल्या बायका मला विचारत होत्या, "पोरगी कोणावर रुसली व्हय?" ती पाटी तुझ्या काकांनी रंगवलेली होती. त्यांना मी घरी आल्यावर हे सांगितलं, तर त्यांनी नुसता ब्रश दोनदा धुतला.

तर आता मुद्दा, आणि तो एका अक्षराचा आहे. दिवाळीत तू आलीस आणि म्हणालीस की गटाच्या हळदीची वेबसाइट करू, आणि तिच्यावरची अक्षरं काकांचीच घेऊ. त्यांची सगळी मुळाक्षरं गोळा झाली की त्यांचा फॉन्ट करता येईल. मी म्हटलं, बाई, वेबसाइटवर लोक हळद बघतील की अक्षर? तू म्हणालीस, फोटो माणूस एकदा बघतो आणि सरकतो, मावशी. नंतर सगळा वेळ तो अक्षराशीच बोलत असतो, अक्षराचा चेहरा खोटा असला तर हळदही खोटी वाटते. रुख्मिणीबाईंना ते पटलं नाही. त्या म्हणाल्या, "अक्षर काय भाजीत टाकतेत? हळदीचा फोटो मोठा टाक म्हणावं." मला मात्र ते लगेच पटलं, कारण मी वाचायला शिकले तीच मुळी तुझ्या काकांच्या अक्षरांच्या आत बसून.

हे तुला कधी सांगितलं की नाही, आठवत नाही. माझी शाळा दुसरीत सुटली. लग्नानंतर ह्यांच्याबरोबर भिंती रंगवायला जायची. आधी भिंतीवर रेघ मारायची. निळीत भिजवलेला दोरा असायचा. एक टोक त्यांच्या हातात, दुसरं माझ्या. ताणून धरायचा आणि मधे उचलून सोडायचा, की भिंतीवर सरळ निळी रेघ उठे. ते म्हणायचे, आपली अक्षरं दोरीवरच्या कपड्यांसारखी वरून लोंबतात, दोरी ढिली तर सगळं वाळवण मातीत. मग ते खडूने अक्षराची कड काढत आणि रंग मी भरायची. रंग भरता भरता कुठे जाड, कुठे बारीक, कुठे वळण, हे हाताला कळलं. नाव काय त्याचं, ते नंतर कळलं. मला वाचता आलेला पहिला शब्द 'मिळेल'. दुकानांच्या पाट्यांवर तोच जास्त. बरेच दिवस मी समजत होते की गावात मिळेल नावाचा कोणी मोठा सावकार आहे आणि सगळी दुकानं त्याचीच आहेत. पुढे वाचनालयातली पुस्तकं वाचली, जाड जाड वाचली, पण अजूनही नवीन पान उघडलं की आधी अक्षरांना रंग भरल्यासारखी नजर फिरते आणि मग अर्थ येतो.

सेनगावात फ्लेक्सचं मशीन आलं तेव्हा दुकानांच्या पाट्या गेल्या. लग्नाच्या भिंती तेवढ्या राहिल्या. घरात लग्न निघालं की दाराच्या बाजूला गणपती, कळस आणि नवरा-नवरीची नावं काढायचीच, आणि मातीच्या भिंतीला फ्लेक्स चिकटत नाही. त्या भिंती कोणी पुसत नाही. पोरं होतात, मोठी होतात, नावं तशीच. त्यामुळे तू मागितलीस ती अक्षरं गावभर लोकांच्या दारात उभी होती. मला फक्त फोन घेऊन हिंडायचं होतं.

आणि तू सांगितलंस की प्रत्येक अक्षराच्या बाजूला मापाचं काहीतरी धर, म्हणजे मला आकार कळेल. मी शिंप्याची टेप घेतली. शीतल, तू शिकलेली आहेस, पण गावात भिंतीला टेप लावून फोटो काढणाऱ्या बाईला काय समजतात ते तुझ्या लक्षात आलं नाही, आणि माझ्याही आलं नाही. दुसऱ्या गल्लीत शिरेपर्यंत बातमी माझ्या पुढे गेली होती: घरकुलाची मोजणी सुरू झाली. एका घरात मला खुर्ची आणि सरबत. दुसऱ्या घरात आजीबाईंना मुद्दाम फाटक्या गोधडीवर निजवलेलं. देवला नावाची एक सून आहे, तिने तर नवा फ्रीज गोठ्यात नेऊन त्यावर कडबा टाकला. मी सांगत होते, बाई, मला 'श्री' पाहिजे, तुझ्या भिंतीवर 'श्री' चांगला आहे. ती म्हणाली, "श्री काय घेऊन बसलात मावशी, हिकडं बघा, पत्रा गळून राहिला." मी गळका पत्राही पाहिला. नाही म्हणून सांगते कोणाला.

असं करत जवळजवळ सगळी अक्षरं मिळाली. ळ तर इतके मिळाले की विकायला काढता येतील. राहिला एक ढ. गावात ढ माणसं पुष्कळ, ढ अक्षर एकच, ते सटवाजी ढोले यांच्या भिंतीवर. पोराच्या लग्नात 'ढोले परिवार' असं ह्यांनी मोठ्या अक्षरांत काढलं होतं. ती भिंत मला चांगली आठवते, कारण ह्यांची ती शेवटची भिंत. दम लागायचा, म्हणून स्टुलावर बसून काढली. ढ च्या पोटात मी लाल रंग भरत होते तर म्हणाले, सावकाश, आज घाई नाही. त्या उन्हाळ्यात ते गेले. त्याला आता तिसरं वर्ष. मी ती भिंत शेवटी ठेवली होती. ताटातली गोड वस्तू माणूस शेवटी ठेवतो, तशी.

गेले तर सटवाजीभाऊ दारात कुदळीला टेकून उभे. अंगभर माती. भिंतीचा गिलावा सोलून काढलेला, गणपतीचा एक कान तेवढा वर राहिलेला.

"या ताई, या. बराबर वेळेवर आलात. बघा, काहीच न्हाई ऱ्हायलं भिंतीत."

मी म्हटलं, भाऊ, इथं नाव होतं.

"व्हय, होतं ना! तेच तर काढलं. एवढी रंगरंगोटी पाहून साहेब म्हणला असता, ह्याच्याकडं पैसा हाय, ह्याला घरकुल काहून पाहिजे?"

मी खाली पाहिलं. ढेकळांमधे लाल रंगाचे कपचे होते. एक उचलला, तो बोटात विरघळला. सटवाजीभाऊ म्हणाले, जवळून काढा, भेग दिसली पाहिजे. मग स्वतः आधारकार्ड छातीशी धरून भेगेशेजारी उभे राहिले. मी फोटो काढला. तो तुला चुकून आला असेल, त्याला अक्षर समजू नकोस.

घरी येऊन मी चूल पेटवली नाही. रुख्मिणीबाईंना खरं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "ढवाचून काय अडलंय? कुठं लागतो तो?" मी म्हटलं, खरेदीच्या पानावर 'पुढे' असं बटण आहे, आणि 'हळदीचा काढा' आहे. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, "मग 'फुडं' लिहा की. आपण कुठं पुढे म्हणतो?" गटातल्या सगळ्या बायकांना हे एकमताने पसंत पडलं. काढ्याचं काय, तर काढा कोणी विकत घेत नाही, तो गाळून टाका. आमचा गट असा कारभार करतो.

तू फोनवर म्हणालीस, "मावशी, ट, ड, द आहेत, त्यावरून ढ मी बांधते, काकांच्या हाताची सवय मला आता कळलीय." मी तुला फटकन नाही म्हटलं आणि रेंज गेली असं दाखवलं. (रेंज होती.) राग तुझा नव्हता. मला वाटलं, जे त्यांनी काढलंच नाही ते त्यांचं म्हणून कसं चालवायचं? उद्या कोणी त्यांच्या अक्षरात 'येथे थुंकू नये' लिहील, निवडणुकीचं काही लिहील. माणूस असताना तो नाही म्हणू शकतो. हे नाही म्हणायचेही; मयताचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, बोर्ड त्यांनी कधी रंगवला नाही, मागणाऱ्याला सेनगावला पाठवायचे. फॉन्ट कोणाला नाही म्हणणार?

पण तुझा बांधलेला ढ फोनवर आला आणि मी तो पाहिला. बरोबर होता. आणि ह्यांचा नव्हता. पोटातली गाठ फार शिस्तीत होती. आता हे फोनवर बोलून कसं सांगायचं? म्हणून मी स्टीलच्या ताटात हळद पसरली आणि बोटाने काढून बघितला. मोडला, पुन्हा पसरली. रुख्मिणीबाई दारातून ओरडल्या, "अगं, इकायची हळद हाय ती! रांगोळी काढून राहिली काय?" पण पाचसहा वेळा मोडल्यावर बोट आपोआप वळलं, ज्या वाटेने ब्रश वळायचा त्याच वाटेने. आत जाताना बारीक, टोकाला जरा जड. मांजर शेपटी पोटाशी घेऊन बसतं तसा. त्या ताटाचा फोटो तुला पाठवला. त्यावर तू फक्त "हो" लिहिलंस. तेवढं पुरे होतं.

आता ढ कोणाचा, असं मी स्वतःला विचारते. थोडा तुझा, थोडा माझ्या बोटाचा, वळण त्यांचं. कड ते काढायचे आणि रंग मी भरायची तेव्हा तरी कुठे अक्षर एकट्याचं होतं? तेव्हा माझी हरकत मी मागे घेते. ढ राहू दे.

परवा तू पाठवलेलं पान उघडून बघितलं. इकडे रेंज अशी, की पान आधी फोनच्या स्वतःच्या अक्षरांत येतं, बँकेच्या निरोपासारखं. मग मी थांबते. आणि थोड्या वेळाने सगळी अक्षरं एकदम हलतात आणि ह्यांची होऊन बसतात. तू म्हणालीस, हा दोष आहे, काढून टाकते. काढू नकोस, बाई. रंगाचा डबा घेऊन हे उशिरा घरी यायचे, तेव्हा दार उघडल्यावर घर असंच जरा हलून जागेवर बसायचं.

बाकी क्षेम. पानावरची हळद फोटोत फार पिवळी दिसते, तेवढी आमची नाही. लोकांना फसवू नये.

तुझी,
नर्मदामावशी

ता. क. पानाच्या तळाशी तू 'कै. गोपीचंद पेंटर यांच्या अक्षरांतून' असं लिहिलं आहेस. सगळं बरोबर आहे, पण त्यांच्याच अक्षरांनी त्यांच्या नावाआधी कै. लिहून घेऊ नकोस. तो क, दोन मात्रा आणि ठिपका, तेवढं काढ. मयताचं काम ते घेत नसत.

ता. क. दुसरं. लिफाफा चिकटवला होता, पुन्हा उघडला. घरकुलाची यादी लागली आणि तीत सटवाजीभाऊंचं नाव आहे. ते गेल्या वर्षीच मंजूर होतं, पण गावाला वाटतं की माझ्या टेपेचा गुण. सकाळपासून लोक भिंती सोलायला निघाले आहेत आणि मी टेप ज्वारीच्या कोठीत लपवली आहे. सटवाजीभाऊ पेढे घेऊन आले. म्हणाले, "ताई, नव्या घरावर नाव पाहिजे. फ्लेक्स नको. पहिल्यासारखं." मी म्हटलं, भाऊ, पहिलं तर तुम्हीच सोललं. ते म्हणाले, "म्हणून तर."

पाया अजून खणायचा आहे, पण नाव आधी ठरलं आहे. तेव्हा ढ, ले आणि ढ वरचा ओकार असं हातभर उंचीचं कागदावर काढून ठेव. कड तू खडूने काढ, रंग मी भरीन. माझा हात अजून रेघेबाहेर जात नाही. पण पोस्टाने पाठवू नकोस, घेऊन ये. नीळ घरात आहे, दोरा आहे, एक टोक मी धरते. दुसरं धरायला माणूस लागतं.