पुळणीवरचा मुक्काम

प्रिय माया,

तुझा मेसेज सोमवारी मिळाला. इथं रेंज फक्त एसटी थांब्याच्या कट्ट्यावर येते, तिथं उभा राहून वाचला. रविवारी जत्रेत तुला बघायला येणार आहेत, मी आलो तर तू सगळ्यांसमोर नाही म्हणणार आहेस, आणि मी येणार का, असं तू विचारलंयस. मुलगा कोण तेही लिहिलंस. वीरधवल. शाळेत माझ्या पुढं होता. एकदा मी त्याच्या सायकलची हवा सोडली तर त्याला कळलं होतं, तरी त्यानं कुणाला सांगितलं नाही. कोईमतूरला वडलांचं दुकान नीट सांभाळतो म्हणतात. वाईट असता तर बरं झालं असतं. मी मेसेज वाचला आणि मोबाइल खिशात घातला. लगेच उत्तर दिलं नाही. हे तुला खरं वाटणार नाही, पण तसं झालं.

मी इथं कसा, ते तुला गावातून अर्धंमुर्धं कळलं असेल. कोंडीबा तात्यांना सेलमला दुकानातच छातीत कळ आली. स्टेंट टाकली. डॉक्टरनं सांगितलं, दोन महिने दुकानाचं नाव काढायचं नाही. गावात आणून ठेवावं तर कुणाचा बांध, कुणाची वाटणी, रोज निवाड्याला माणसं दारात. म्हणून त्यांच्या प्रांजलनं पुण्यात बसून फोनवरच गुहागरच्या अलीकडं समुद्राकाठी दोन खोल्या ठरवल्या. राहीबाई काकी सोबत निघाली आणि मला ‘सोबतीला सोबत’ म्हणून धाडलं. आईनं माझी बॅग भरली तेव्हा गाडीची किल्ली तिच्या कमरेला खोचलेली होती. तेवढ्यावरून मला कळलं की जत्रा होईपर्यंत मी तुमच्या गल्लीत दिसू नये, असं घरात ठरलंय. मी भडकलो, बॅग फेकली. मग परत उचलली. तात्या पायरीवर छातीला हात लावून बसले होते, त्यांच्यासमोर किती भडकणार?

कराडला एसटी बदलली. पाटण सुटलं, कोयना मागं पडली, घाट लागला. दोन महिने काही करायचं नाही म्हणून निघालेला माणूस सगळा घाट ड्रायव्हरच्या पाठीमागं बसून “दाब की जरा, कवा पोचायचं?” म्हणत होता. काकी म्हणाली, “आवं, तिथं जाऊन नुसतं बसायचंच हाय की.” तर तात्या म्हणाले, “मग येळेत जाऊन बसू.”

समुद्राबद्दल काय लिहू? मोठा आहे. इथं किनाऱ्यावरच्या वाळूला पुळण म्हणतात. पहिल्या दिवशी मी पुळणीवरून चालत सुटलो, आपण गावात चालतो तसा, कुणाला तरी जाब विचारायला निघाल्यासारखा. शेवटाला खडक आला. पुढं जायला जागा नाही. मग परत फिरलो तर दुसऱ्या टोकाला खाडी. संध्याकाळपर्यंत माझ्या तेवढ्या दोनच दिशा झाल्या. भांडायला कुणी नाही, आणि समुद्राला तर काही बोलून उपयोग नाही. तो आपला येतोय, जातोय. दुसऱ्या दिवशी तेच. नंतर नंतर मी खडकापर्यंत जायचंच सोडून दिलं, मध्येच बसायला लागलो.

आमच्या घरमालकीण बनुबाई. तोंडानं फटकळ, हातानं सढळ. पहिल्याच जेवणाला त्यांनी कसलासा काट्याचा मासा वाढला आणि मी मटण खाल्ल्यासारखा तुटून पडलो. काटा घशात. डोळ्यांतून पाणी, तात्या उठून उभे, काकी देवाचं नाव घेतेय. बनुबाईंनी शांतपणे कोरड्या भाताचा गोळा हातावर ठेवला, “गिळा, चावू नका.” गेला काटा. मग म्हणाल्या, “तुम्ही घाटावरची माणसं मासा असा खाता जशी ताटाखालून एसटी सुटतेय.” तेव्हापासून जेवायला बसलं की त्या माझ्यासमोर बसतात आणि मी बोटांनी काटे काढून कडेला ठेवेपर्यंत उठत नाहीत. जेवायला इतका वेळ लागतो हे मला माहीत नव्हतं. काय खाल्लं ते लक्षात राहतं, एवढं मात्र खरं.

पण सगळ्यात मोठी गंमत तात्यांची. तुझे मामा दुकानावर आहेत, म्हणजे तुला सांगायला नको की जिथं सोनं वितळवतात तिथला केर कुणी बाहेर टाकत नाही. जमिनीवरची धूळ, हात धुतलेलं पाणी, सगळं साठवायचं, त्यात कण असतात. तात्यांनी जन्मभर तेच केलं. इथं आल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे उठून त्यांनी खोली झाडली, आणि पायांबरोबर आत आलेली वाळू सुपलीत भरून बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात ओतली. झाकण लावलं. डबा खाटेखाली. रोज. बनुबाई झाडू घेऊन आल्या की हे दारात आडवे, “ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या, मी झाडलंय.” एक डबा भरला, दुसरा मागितला. शेवटी बनुबाईंनी काकीला बाजूला घेऊन विचारलं, “यांना छातीचंच आहे ना? डोक्याचं नाही ना?” काकी इतकी हसली की तिला ठसका लागला. मग मी बनुबाईंना आपलं गलाईचं काम सांगितलं. जुनं सोनं आटवून शुद्ध करून द्यायचं, आपल्याकडं घरटी एक माणूस केरळपासून कलकत्त्यापर्यंत कुठं ना कुठं असतो, वगैरे. त्या म्हणाल्या, “सगळे पुरुष बाहेर, मग तुमच्याकडं लग्नं ठरतात कधी?” मी म्हणालो, “जत्रेत. जत्रेला दुकानं बंद करून सगळे आठ दिवस गावी येतात, त्यातच मुली बघायच्या, सुपारी फोडायची, की परत दुकानं उघडायला गाड्या धरायच्या.” बनुबाई म्हणाल्या, “आठ दिवसांत? अहो, आम्ही म्हैस घ्यायची तरी चार बाजार हिंडतो.”

मी हसलो. मग हसू थांबलं. गेल्या वर्षीच्या जत्रेत मी तुला काय म्हणालो होतो ते आठवलं. तू म्हणालीस, मला अजून कळत नाही, थोडं थांब. मी म्हणालो, पालखी देवळात जायच्या आत सांग. जसं काही मलाच दुसऱ्या दिवशी सेलमचं दुकान उघडायचं होतं. मला कुठलं दुकान? साताऱ्याचं कॉलेज मी आधीच सोडलेलं. सरांनी वर्गाबाहेर उभा राहा म्हटलं, मी बाहेर उभा राहिलो तो सरळ घरीच आलो. तू तेव्हाही म्हणाली होतीस, निदान वर्ष तरी पुरं कर. आणि पालखी देवळात गेल्यावर तुमच्या दारात मी गाडी रेस करत उभा राहिलो. तुझे आप्पा मिलिटरीतला माणूस. पायरीवर आले, हाताची घडी घातली. पेट्रोल संपायची वाट बघत राहिले. संपलं. मग मी गाडी ढकलत घरी नेली. अख्खी जत्रा बघत होती.

आता एक सांगतो, ते नीट वाच. तुझा मेसेज यायच्या आदल्या दिवशीची गोष्ट आहे. ऊन उतरल्यावर आम्ही तिघं पुळणीवर बसलो होतो. काकी पाण्याच्या जवळ, पाय पुढं पसरून. लाट येऊन तिच्या पायांवरून जायची आणि ती काही म्हणजे काही करत नव्हती. मी तिला असं कधी बघितलं नव्हतं, नेहमी हातात काहीतरी असतंच. तात्या बराच वेळ तिच्याकडं बघत होते. मग एकदम म्हणाले, “राहे, तुला मी तवा पसंत होतो का गं?”

काकीनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. म्हणाली, “आज काय गोळ्या चुकल्या व्हय तुमच्या?”

“सांग की.”

“इचारलं कुणी तवा? तुमी आला, च्या पिला, बा म्हणला पोरगा चांगला हाय. तिसऱ्या दिवशी हळद. मला तुमचं त्वांड बी नीट दिसलं न्हवतं, फेट्यात होता.”

तात्यांनी वाळूची मूठ भरली, परत सोडली. म्हणाले, “आन् इचारलं असतं तर?”

“न्हाई म्हणले असते.” काकी अगदी सरळ म्हणाली, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तशी. “मला दहावीला बसायचं हुतं. बाई म्हणाल्या हुत्या, तू पास हुशील.”

मला वाटलं, झालं, आता तात्यांची छाती दुखणार. मी उठायला लागलो. तात्यांनी हातानं खाली बस म्हणून खुणावलं. मग एवढं हळू बोलले की लाटेत बुडायचंच, “आन् आता इचारलं तर?”

काकी हसली. पदरानं तोंड पुसलं. म्हणाली, “सांगते की. घाई हाय का? तुमी एवढ्या वर्सांनी इचारलंय, मला बी जरा इचार करू द्या.”

माया, त्या दिवसापासून तो माणूस वाट बघतोय. परत एकदाही विचारलेलं नाही. रोज दाढी करतात. काकीच्या आधी उठून चहा टाकतात, बनुबाईंच्या स्वयंपाकघरात जाऊन, शिव्या खाऊन. आज सकाळी खोली झाडली तर भरलेली सुपली डब्याकडं नेण्याऐवजी सरळ अंगणात झटकली आणि तिथंच उभे राहून काकी कुठं गेली ते बघत बसले. त्यांच्या लक्षातही आलं नाही. काकीच्या आलं. तिनं मला डोळ्यानं दाखवलं. उत्तर मात्र अजून दिलेलं नाही, आणि मला वाटतं ती मुद्दाम ताणतेय. इतकं कुणी तिच्या तोंडाकडं कधी बघितलंच नसेल.

आणि पुळणीवरच्या त्या बोलण्याच्या दुसऱ्याच दिवशी तुझा मेसेज. मी बॅगसुद्धा घेतली नाही. कट्ट्यासमोर चिपळूणची गाडी उभी होती, त्यात चढलो. गाडी सुटायला वेळ होता, ड्रायव्हर चहा पीत होता. एरवी मी त्याला हाका मारून उठवला असता. बसलो खिडकीशी आणि रविवार कसा होईल ते डोळ्यांसमोर आणलं. मी दारात उभा. आत तुझी आत्या पोह्यांच्या बशा घेऊन, वीरधवल खाली मान घालून, आप्पा हाताची घडी घालून. तू आतून येणार, मला बघणार आणि नाही म्हणणार. बरोबर. मला हवं तसं. मग मला दिसलं की ते ‘नाही’ तुझं नसणारच. मी दारात उभा आहे म्हणून आलेलं असणार. गेल्या वर्षी पेट्रोल जाळून जे मिळालं नाही ते यंदा मिळणार, एवढाच काय तो फरक. कंडक्टर आला, “कुठं?” मी उठलो, “उतरतो.” तो म्हणाला, “उतरायचं होतं तर चढलात कशाला?” मी म्हणालो, “बघायला.” “काय बघायला?” मी पायऱ्या उतरलो. तो म्हणाला, “बघून झालं असेल तर दार लावून घ्या.”

मोबाइलवर तुला शेवटी एवढंच पाठवलं, ‘येणार नाही. तुझं तू ठरव.’ वाचून तू चिडली असशील. इंद्याला आता माझं काही नाही, असंही वाटलं असेल. वाटू दे, असं मी ठरवलं, आणि ते ठरवणं सोपं गेलं नाही. आज गुरुवार. हे पत्र मी आत्ता इथल्या पोस्टाच्या पेटीत टाकतोय आणि पत्ता तुझ्या सांगलीच्या होस्टेलचा घातलाय. म्हणजे जत्रा उरकून तू परत खोलीवर जाशील, तेव्हाच ते हातात पडेल. रविवार होऊन गेलेला असेल. तुला जे बोलायचं ते बोलून झालेलं असेल, आणि त्यात माझा आवाज, माझी गाडी, माझं रडणं, काही मिसळलेलं नसेल. वीरधवलला हो म्हणाली असशील तर हे फाडून टाक, मी त्याच्या सायकलला परत हात लावणार नाही. नाही म्हणाली असशील तर लगेच मला फोन करू नकोस, आधी तुझी परीक्षा दे. मला तू हवी आहेस, माया. लय हवी आहेस. एवढंच मला सांगायचं होतं, फक्त ते रविवारच्या आधी तुझ्या कानावर पडायला नको होतं.

तिकडं काय ठरलं ते ठाऊक नसताना सही करणारा, तरीही तुझाच,

इंद्रजित