हिरव्या मोटारीतला वारा

कुंडल, ता. १० एप्रिल १९७५

चि. कृष्णात यास बनुआक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

शालूचं लग्न वैशाखात सांगलीला, मुलाकडच्या मांडवात ठरलंय हे तुला ठाऊकच आहे. पण दम्यानं तुझ्या दाजींना वर्षभर उंबरा ओलांडू दिलेला नाही. आगगाडीत धूर, एसटीत धूळ. राहिली आपली जुनी हिरवी विलायती मोटार. तिच्या काचा उघडल्या की धुळीनं धाप लागते, आणि काचा लावल्या की आतलं वाऱ्याचं यंत्र भट्टीसारखी हवा फेकतं. गार वारा म्हणून येत नाही. परवा वेशीपर्यंत नेलं आणि तसंच परत आणलं. आता म्हणतात, कृष्णाताला आन राहीबाईला पाटावर बसवा, त्येंच्या हातनं कन्यादान हुंदे, मी हितनंच आशीर्वाद देतो. एवढं बोलून भिंतीकडं तोंड करून निजले.

तू लष्करात एवढ्या गाड्या खोलल्यास, काहीतरी सुचव. लग्नघर आहे, रडायलाही सवड नाही. राहीबाईस आशीर्वाद. लोभ ठेव, आणि उत्तर आधी टाक.

तुझी आक्का,
बनुबाई

कराड, ता. १५ एप्रिल १९७५

ती. सौ. आक्कास कृष्णाताचा शि. सा. न. वि. वि.

पत्र राहीला वाचून दाखवलं. तिनं तोंडाला पदर लावला. दाजी घरात असताना आम्ही पाटावर बसायचं, हा घास आमच्या घशाखाली उतरत नाही. मला मामाचा मान पुष्कळ झाला. मीच आलो असतो, पण कारखान्याचा हंगाम संपत आलाय, उसाचे ट्रक रोज बिघडतात आणि साहेब रजेचं नाव काढू देत नाहीत.

तेव्हा जोतिबा इंजिनवाल्याला बोलाव. इंजिनातलं गरम पाणी आतल्या यंत्राकडं नेणारी एक नळी बॉनेटखाली आहे. तिची तोटी गंजून उघडीच अडकली असणार. रॉकेल सोडून ती बंद करा. ती सोय थंड मुलखासाठी, आपल्याला काय कामाची? गार वारा पुढच्या काचेखालच्या जाळीतून येतो. ती खोलून बघा, उंदरानं संसार थाटला असेल. जोतिबाच्या हातात हातोडा मात्र देऊ नकोस. दाजींना नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
कृष्णात

कुंडल, ता. २४ एप्रिल १९७५

चि. कृष्णात यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तोटी रॉकेलनं सैल होऊन बंद झाली. जाळीखाली उंदीर नव्हता. जोतिबाचा पंजा आत जाईना, म्हणून मीच बांगड्या मागं सारून हात घातला. मूठभर अक्षता निघाल्या. मग सूपभर निघाल्या! तांदूळ, जोंधळे, वाळका झेंडू, सगळं हळदीकुंकवात घट्ट झालेलं. गावातली कोणती नवरी ह्या मोटारीतून सासरी गेली नाही? ह्यांनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही, आणि त्या अक्षताच वाऱ्याची वाट अडवून बसल्या होत्या. सूप ह्यांच्यापुढं ठेवलं तर म्हणाले, गावच्या लेकींनी माज्या लेकीची वाट अडीवली व्हय! वर्षानं हसले रे. खोकला आला तरी हसणं थांबेना.

जोतिबानं जाळीखाली मलमल ताणून बसवली, धूळ तिथंच अडते. काल काचा लावून भिलवडीपर्यंत जाऊन आलो. वारा गार, धाप नाही.

आता पाटावर आम्हीच बसणार. तू शालूच्या मागं मामा म्हणून उभा राहा. संध्याकाळी ह्यांनी शालूला समोर बसवलं आणि कन्यादानात सोडतात तसं तिच्या हातावर पाणी सोडून बघितलं. मग उपरण्यानं तिचा हात पुसायला घेतला आणि पुसतच राहिले. पाणी केव्हाच सुकलं होतं, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

राहीबाईला घेऊन आदल्या दिवशीच ये. तुम्हा दोघांवर जीव आहे, तो असाच राहो.

तुझी आक्का,
बनुबाई