पोर्तुगालची झेप

३ फेब्रु., उदगीर
व्हायव्हाची तारीख आली. २० ला, लातूर. नऊ वर्षं कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवून काढली, आता पीएच.डी. झाली की जूनमधल्या कायम जागेच्या मुलाखतीला बसता येईल. मुखेडला वडिलांना फोन केला. दादांनी फोन ठेवायच्या आत अर्ध्या गल्लीला कळलं असणार.

८ फेब्रु.
तयारी म्हणून स्वतःचाच प्रबंध वाचायला घेतला. स्पेन व पोर्तुगाल, दरडोई उत्पन्न, तुलना. तक्ता १२ वर अडकले. पोर्तुगालचे जुने आकडे माझ्या गाईड सरांच्या आधीच्या एका विद्यार्थ्याच्या प्रबंधातले. आमच्याकडे तसंच चालतं, सर जुना प्रबंध हातात ठेवतात: "यातले तक्ते घे, पुढचे जोड." पुढचे नेटवरून घेतले. स्पेनचे सगळेच नेटवरून. आज दिसलं, जुने आकडे जुन्या किमतींत आहेत, बाकी सगळे नव्या. आणि मी बाई सरळ एकाखाली एक चिकटवले.
म्हणजे पोर्तुगाल आधी फार मागे दिसतो आणि जोडाच्या वर्षी उडी मारून स्पेनच्या शेजारी जाऊन बसतो. त्या उडीवर माझं अख्खं पाचवं प्रकरण आहे.

९ फेब्रु.
सगळं एकाच वर्षाच्या किमतींत आणून बघितलं. उडी कुठेच नाही, रडतखडत चाललेली रेघ. निष्कर्षात मी लिहिलंय, "पोर्तुगालची प्रेरणादायी झेप, मागास विभागांनी धडा घ्यावा." मराठवाड्याचं नावसुद्धा घातलंय वर. लाज वाटली.

११ फेब्रु.
सरांना सांगितलं. बशीत चहा ओतत म्हणाले, "बाहेरचे परीक्षक तक्ते बघत नसतात. कशाला उकरून राहिली? पोर्तुगालवाले येणार हायत का विचारायला?" मी हसले. हसायला नको होतं.

१६ फेब्रु.
दादांनी लातूरला यायला क्रूझर गाडी ठरवली. व्हायव्हाचं जेवण उमेदवाराच्या घरचं, ही रीतच, पण हे अख्खी गल्ली आणायला निघालेत. एवढे लोक नको म्हटलं. "आपल्या गल्लीतली पयली डाक्टर हायस. बघू दे की लोकायला." जन्मभर एस.टी.त तिकिटं फाडली त्यांनी, माझ्या फीसाठी.

२० फेब्रु., लातूर
परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला. झेपेमागची कारणं सांगा. कारणं पाठ होती, पाच. तोंडातून आलं, "सर, झेप झालेलीच नाही. तक्ता १२ चुकलाय, चूक माझी आहे." दुरुस्त तक्ता पुढे केला.
मागच्या रांगेतून दादांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, पोरीनं बरोबर उत्तर दिलं. मग सगळ्या गल्लीनं वाजवल्या. परीक्षक कागदाकडे बघत राहिले. सरांचा चेहरा बघवेना. "अहवाल नंतर पाठवतो," परीक्षक म्हणाले.
जेवण सुरू झालं. परीक्षक न जेवता गेले. दादा हार घेऊन उभे. "डाक्टर झालीस का गं?"
"अजून न्हाई, दादा."
इतकं रडू आलं, पण लोकांना जिलबी वाढत होते.

२४ फेब्रु., उदगीर
सरांनी बोलावलं. अर्ज टाईप करून तयार. "घाबरल्यामुळे चुकीचे विधान केले, प्रबंधातील तक्ता बरोबर आहे." सही केली की अहवाल अनुकूल येणार, परीक्षकांशी बोलणं झालंय म्हणे. नाही केली तर पाचवं प्रकरण पुन्हा, व्हायव्हा पुन्हा. जूनची जागा गेलीच. उद्या अकरापर्यंत सांग.
सरांचा राग येतो, आणि सही करावीशीही वाटते. दोन्ही खरं.
संध्याकाळी फोनवर दादांना सगळं सांगितलं, पहिल्यांदाच नीट.
"चूक तुझी व्हती ना?"
"हाव."
"मंग तू तर सांगितली. आता सही कशाची मागून राहिलेत?"
अर्जातलं वाक्य त्यांना वाचून दाखवलं.
मग म्हणाले, "दाराची पाटी रंगवायला दिली व्हती. पेंटर इचारून राहिलाय, नावाआधी डॉ. घालू का. काय सांगू त्याला?"
उद्या अकरानंतर सांगते म्हटलं.