वरच्या सुराला दाद

क्लोनडॉकिन, डब्लिन
१४ मार्च २०२१

तीर्थस्वरूप ताईस,
पद्माकरचा साष्टांग नमस्कार.

मी ठणठणीत आहे. विमानं सुरळीत होईपर्यंत मुक्काम लेकीकडेच. वर्ष झालं, आता शेजाऱ्याने विचारपूस केली की मीही 'ग्रँड, ग्रँड' म्हणतो. नेत्राचा खोकला गेला. फोनवर दोन शब्द बोलून मी लगेच तिच्याकडे देतो म्हणून तू रागावलीस. सांगतो, जरा दम धर.

नेत्रा ऑपेरात सोप्रानो, म्हणजे बायकांतला सगळ्यात उंच आवाज, हे तुला माहीतच आहे. पहिली मोठी भूमिका मिळाली आणि त्याच महिन्यात थिएटरं बंद पडली. तेव्हापासून डंडॉक गावच्या एका कंपनीसाठी घरबसल्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकते. त्यात या जानेवारीत कोरोना झाला नि वरचे सूर गेले. रोज रियाजात तिथवर जायची आणि थांबायची. आता कंपनी तिला कायम करतेय. मेअखेरपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. हो म्हटलं की गाणं रविवारपुरतं.

मध्यंतरी एका ऑपेरावाल्यांनी घरून रेकॉर्डिंग मागवलं. सलग गायचं, काटछाट करायची नाही. पोरीने बेडरूमच्या भिंतींना रजया लावल्या, पियानोची साथ स्पीकरवर लावली आणि मला बजावलं, की खोकायचंसुद्धा नाही. मी दारात खुर्ची टाकून बसलो.

शेवटाकडे ती वर गेली आणि ताई, तिचा चेहरा असा काही उजळला, की माझ्या तोंडून खच्चून निघालं, "वाह! क्या बात है!"

झालं, सगळं मुसळ केरात. जन्म गेला मैफलीत तबला बडवण्यात. जागा आली की दाद द्यायची, एवढंच ठाऊक. इथे गाणं संपेपर्यंत देवळात बसल्यासारखे गप्प बसतात. तिने परत गाऊन पाहिलं, पण गळा थकला होता, तिथवर पोचेना. शेवटी माफी मागून तेच पाठवलं. दुसऱ्याचा आवाज आहे म्हणून त्यांनी नाकारलं. माझी आरोळी नेमकी त्या सुरावरच पडलीये, खाली काय आहे ते कुणालाच ऐकू येत नाही.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि ही हसतेय! म्हणाली, "बाबा, तुम्ही आजवर मला एकदाही वाह म्हणाला नाहीत. खोटी दाद तुम्ही कुणालाच देत नाही. म्हणजे सूर लागला होता."

आता ती कंपनीला नाही म्हणणार आहे. आनंदात आहे. बऱ्याच महिन्यांनी दोन वेळा नीट जेवली.

ताई, मला ऐकू येत नाही गं. दिवाळीपासून. खालचं, जड तेवढं पोचतं, बायकांचे आवाज नि वरचे सूर सगळे धुरकट. समोर माणूस असला की ओठांवरून समजतं, पण फोनवर तू काय बोलतेस ते मला कळतच नाही, म्हणून तो तिच्या हातात देतो. तिला वाटतं म्हातारा विसराळू झालाय. ज्याने कानावर पोट भरलं त्याने हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

त्या सुराचा साक्षीदार मी एकटा, आणि मी तो ऐकलाच नाही. सांगितलं तर ती गाणं सोडेल. गप्प बसलो तर माझ्या भरवशावर नोकरी सोडेल. कदाचित सूर खरंच लागला असेल. चेहरा तर खोटं बोलत नव्हता. पण उंबऱ्यावर उभ्या असलेल्या पोरीला 'कदाचित'वर ढकलायचं नाही मला.

उद्या तिला सांगणार आहे. "पोरी, सूर मी ऐकला नाही. तुझा चेहरा पाहिला आणि दाद गेली." एवढंच म्हणायचंय, पण तोंडातून निघेना, म्हणून आधी तुला लिहून पाहिलं.

तुझा बहिरा भाऊ,
पद्माकर