कोट घातलेला लांडगा

लंडन, जानेवारी १८७४

प्रिय हेस्टर,

मुलांच्या नीतिकथांसाठी कोटातला लांडगा काढताना मी त्याला मुद्दामच तुझ्या नवऱ्याचा, अँब्रोजचा चेहरा दिला. तुझ्या मनगटावरचे वळ मी पाहिले होते. वाटलं, कोणाला कळणार?

पण नाताळच्या जेवणात तुझ्या एडिथने पुस्तक उघडून विचारलं, "मावशी, बाबांना शेपूट का काढलंस गं?"

सगळे हसले. अँब्रोजही हसला, पण पुस्तक मिटताना त्याने माझ्याकडे नाही, तुझ्याकडे पाहिलं.

त्याला तीन आठवडे झाले. तुझी एक ओळ नाही, आणि माझ्या हातून एक रेघ धड उमटत नाही. तुझी पत्रं आधी तोच फोडतो, म्हणून हे टपालात टाकत नाही. सकाळच्या गाडीने मीच येतेय, तुम्हा दोघींना न्यायला.

तुझीच,
लव्हिनिया