ताटावरचा आडवा हात

अंजनगाव सुर्जी,
कोजागिरीचा दुसरा दिवस

तीर्थरूप सौ. भागीरथाबाईस,

धाकटा भाऊ मोतीराम याचा शिरसाष्टांग नमस्कार. भाटव्यांनाही माझा नमस्कार सांग (तुझे यजमान पेपरातून डोकं वर काढतील तेव्हा). तुझा नवा गुडघा कसा आहे? जुन्याची आठवण काढत बसू नकोस, तो तसाही तुझं ऐकत नव्हता. अकोटचं पाणी आता दिवसाआड येतं की अजून तुझी सून नीलम पहाटे उठून नळाशी भांडते? पत्रात 'इकडील सर्व क्षेम' असं लिहायची रीत आहे, पण इकडे सर्व म्हणजे मी एकटाच, तेव्हा 'इकडील मी क्षेम' असं वाच. प्रकृती उत्तम. पँट तेवढी कमरेत बसेनाशी झाली आहे, त्याचं कारण पुढे येईल.

परवा तू फोनवर विचारलंस, जर्मनीला कधी निघतोस. मी 'पाहू' म्हणालो आणि रेंज गेल्याचं सोंग केलं. रेंज चांगली होती. पण फोनवर तू बोलतेस आणि मी हो-हो करतो, असं आपलं लहानपणापासून चालत आलं आहे, म्हणून हे पत्र. नीलमकडून वाचून घेऊ नकोस. चष्मा शोध (कपाळावर असेल) आणि स्वतः वाच.

तर आधी जावयाची गोष्ट. आपली आचल तिकडे दवाखान्यात नर्स झाली, तिथेच तिने लग्न केलं, आणि माघात नवऱ्याला दाखवायला घेऊन आली, तेव्हा तू गुडघा कापून घेत होतीस, म्हणून तुझं ते दर्शन हुकलं. पोरगा चांगला आहे. नाव योनास, उंची आपल्या ओसरीच्या दारापेक्षा चार बोटं जास्त (ती चार बोटं त्याच्या कपाळावर उमटली होती). आम्ही मळ्यात रोडग्यांचा बेत केला. वांग्याची भाजी, वरण, आणि तूप असं की रोडगा बुडून वर यावा. जावयाने दोन रोडगे खाल्ले आणि तिसऱ्याला हसून नको म्हणाला. आता पहिला नको आपल्याकडे कोण मोजतं? वाढलं. मग त्याने ताटावर हात आडवा धरला. शेजारची मनकर्णाकाकू वाढत होती, तिला तू ओळखतेस. ती म्हणाली, 'जवाई लाजून राहिले,' आणि तिने त्याच्या हातावरच वरण ओतलं. पोरगा हाताकडे पाहतच राहिला. मग तो प्रत्येक वेळी स्पष्ट, सभ्यपणे, तोंडभर नको म्हणत गेला आणि प्रत्येक नकारामागे एक रोडगा पोटात जात गेला. दुसऱ्या दिवशी मी जर्मन भाषेतला पहिला शब्द शिकलो, दुर्शफाल. त्याचा शब्दशः अर्थ 'आरपार पडणं'. मोरीच्या दाराला टेकून जावई तो शब्द म्हणत होता आणि आचल मेडिकलवाल्याला फोनवर जुलाबाची गोळी समजावत होती.

हे सगळं यासाठी सांगतो की निघायच्या दिवशी जे झालं, ते यातूनच झालं. नागपूरला नेणारी गाडी दारात उभी होती, बॅगा चढल्या होत्या. आचल माझ्याजवळ आली आणि म्हणाली, 'बाबा, योनास म्हणून राहिला का उन्हाळ्यात तुमी आमच्याकडं या. तीन महिने राहा.' बाई, तुला सांगतो, मला इतका आनंद झाला की मी लगेच नाही म्हणालो. 'नाही माय, पानमळा कोन पाहीन?' (पानमळा गडी गजेंद्र पाहतो. वेलही तोच बांधतो आणि पानंही तोच खुडतो. मी बांधावर बसून त्याला सूचना देतो आणि त्या तो ऐकत नाही.) आता माणसाने पहिल्या झटक्यात हो म्हणायचं असतं का? पोरीच्या घरी जायचं म्हणजे बापाने थोडं अवघडायला हवं, तिने रुसायला हवं, जावयाने हात धरायला हवा, आणि मग आपण 'बरं, आता तुम्ही एवढं म्हणताच आहात तर' म्हणायचं. मी उगीच बॅगेची चेन लावत वाकून उभा राहिलो, त्यांना वेळ मिळावा म्हणून. आचलने त्याला माझं उत्तर सांगितलं. त्याने छातीवर हात ठेवला, मान झुकवली आणि म्हणाला, 'फेरश्टेहे.' मला वाटलं, हा दुसऱ्यांदा विचारतोय. मी लाजून मान हलवली. गाडी निघून गेली.

त्या शब्दापायी मी क्लास लावला. लोकांना मी टाइमपास सांगितलं. अमरावतीत प्रतीक्षा नावाची एक मुलगी नर्सिंगच्या पोरींना जर्मन शिकवते, तिथे मी दर रविवारी एसटीने जातो. वर्गात सगळ्या विशीतल्या पोरी आणि मागच्या बाकावर मी. पहिल्याच दिवशी मी विचारलं, मॅडम, फेरश्टेहे म्हणजे काय? ती म्हणाली, 'समजलो, काका.' बस, एवढंच. बिचाऱ्याचा नकार आपल्या गावात कुणी ऐकला नाही, वरणासकट त्याच्या गळी उतरवला, म्हणून त्याने ठरवलं असणार की सासऱ्याचा नकार तरी आपण मानाने ऐकायचा. इतका गुणी जावई मिळाला, आणि त्याच्या गुणानेच माझा घात झाला. पण आचल? ती तर आपलीच ना? की पाच वर्षांत तिकडच्या थंडीने आपल्या रीतीही गोठतात, कोण जाणे.

क्लास मात्र मी सोडला नाही. म्हटलं, पुन्हा विचारतील तेव्हा त्यांच्याच भाषेत हो म्हणता यावं. आणि बाई, ती भाषा म्हणजे आपल्या मोठ्या आबांच्या तोंडची असावी अशी आहे. नवीन वस्तू दिसली की दोन जुने शब्द बांधायचे आणि मोकळं व्हायचं. हातमोज्याला म्हणतात हाताचा जोडा. फ्रिज म्हणजे थंड कपाट. कासव म्हणजे ढालवाला बेडूक. हिरड्यांना म्हणतात दाताचं मटण (हे ऐकल्यावर वर्गातल्या एका माळकरी पोरीने दिवसभर तोंड उघडलं नाही). आणि काही शब्द असे की एकाच्या घरात दोघं राहतात. कोंबडा आणि पाण्याची तोटी एकच. राजवाडा आणि कुलूप यांनाही एकच शब्द, श्लोस. तुझ्या भावजयीला हा शब्द ऐकवायला हवा होता. सत्यवती होती तोवर या घराला दिवसा कधी कुलूप लागलं नाही. आता मी ते रोज लावतो, रोज काढतो, आणि आत कुणी नाही हे माहीत असून आधी कडी वाजवतो.

आई आणि नट-बोल्टातला नट, हेही तिकडे एकच. मुटर. यापायी माझी फजिती झाली ती ऐक. मॅडम दर रविवारी प्रत्येकाला आठवड्यात काय घडलं ते जर्मनमध्ये सांगायला लावतात. मळ्यातल्या पंपाचा नट विहिरीत पडला होता. मी उठून जमेल तसं सांगितलं. मॅडमचे डोळे भरून आले, त्या मराठीत म्हणाल्या, काका, कधी झालं हे? मी म्हणालो, सोमवारी. मग क्लासला कशाला आलात, असं त्यांनी विचारल्यावर मी म्हणालो, त्यात काय एवढं, मुटर जुनी झिजलीच होती, आज जाता जाता बाजारातून दुसरी घेऊन जातो. तेव्हा कुठे उलगडा झाला. पोरी हसून हसून बाकाखाली गेल्या. मीही हसलो. कितीतरी दिवसांत मी इतक्या माणसांत बसून हसलो नव्हतो, म्हणून नंतर आणखी एक-दोन चुका मी मुद्दाम केल्या.

आता खरी आफत. शब्द पाठ व्हावेत म्हणून मॅडमनी घरातल्या वस्तूंवर चिठ्ठ्या चिकटवायला सांगितल्या. मी फ्रिज, कपाट, शिलाई मशीन, पलंग, पाट, सगळ्यांवर देवनागरीत जर्मन नावं चिकटवली. मनकर्णाकाकू विरजण मागायला आली, तिने ती पाहिली आणि विरजण न घेताच परत गेली (इथेच मी सावध व्हायला हवं होतं). आपल्याकडे घरभर चिठ्ठ्या कधी लागतात? भावाभावांत वाटणी होते तेव्हा. तिने धरून घेतलं की मोतीराम घर मोडून कायमचा जर्मनीला चालला आणि कुठली वस्तू कुणाला, ते लिहून ठेवलं आहे. सायंकाळी ती पुन्हा आली आणि शिलाई मशीन कुणाच्या नावाने लावली, म्हणून डोळ्याला पदर लावून विचारायला लागली. सत्यवती ती आपल्यालाच देणार होती, असंही म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून रीघ लागली (तुझ्यापर्यंतही बातमी अशीच आली असणार). जो येतो तो माझा हात धरतो, पोरगी बापाला विसरली नाही म्हणतो, आणि एक पिशवी ठेवतो. आचलसाठी कुरडया, जावयासाठी मुगाचे पापड, आंब्याचं लोणचं, सरगुंडे, मिरचीचा ठेचा. चौकातल्या पियुषच्या आजीने कॅनडातल्या नातीसाठी चकल्या दिल्या, जर्मनीहून जवळच असेल म्हणाली.

मी काय सांगणार, बाई? मला कुणी बोलावलंच नाही, हे? म्हणजे बोलावलं, पण एकदाच. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. आचल दर रविवारी फोन करते, जेवलात का विचारते, गोळ्या घेतल्या का विचारते. तेवढं सोडून सगळं विचारते. मी मधूनमधून खडा टाकून पाहतो, तिकडे थंडी कशी आहे, हातमोज्यांना हाताचे जोडे म्हणतात म्हणे, वगैरे. ती हसते, बाबा किती छान शिकले म्हणते, आणि ड्यूटीची वेळ झाली म्हणून फोन ठेवते. मग मी पिशव्यांकडे बघत बसतो. कुरडया संपल्या, पापड संपत आले, लोणचं थंड कपाटात आहे. सगळं मीच खातोय. यालाही जर्मनमध्ये शब्द आहे, कुमरश्पेक, दुःखाची चरबी. पँटचं कारण ते. आणि दिवसाचं काम संपतं त्या वेळेला ते लोक म्हणतात सणाची संध्याकाळ. माझी रोज असते. चहा एक कप करतो, टीव्ही दोघांना ऐकू जाईल एवढा मोठा लावतो.

असो. रडगाणं पुरे. मी मजेत आहे, काळजी करू नकोस. तुझ्या गुडघ्याला तीळतेल लाव, भाटव्यांच्या नादी लागून जिने चढू नकोस, नीलमला आणि पोरांना आशीर्वाद.

तुझा
मोतीराम

ता. क. – पत्राचं असल काम राहिलंच. आचलला एक फोन कर. सहज केल्यासारखा कर, आणि बोलता बोलता म्हण, 'तुह्या बाबाले आणखी एकडाव विचारून पाह्य.' ती म्हणेल, ते तर नाही म्हणाले. तेव्हा तिला ताटावरच्या आडव्या हाताची आठवण करून दे. लहानपणी मनकर्णाकाकूने तिच्याही हातावर वरण ओतलं आहे.

ता. क. दुसरा – माझं नाव सांगू नकोस. तुझ्याच मनात आलं असं म्हण. आणि तिने विचारलंच, बाबा खरंच येतील का, तर तू आधी नाही म्हणू नकोस. ही पोरं आता पहिलंच उत्तर खरं धरतात.

ता. क. शेवटचा – तिकीट लावायच्या आधी पाकीट पुन्हा उघडलं. परवाच्या त्याच फोनवर तू म्हणाली होतीस, तिकडे गेला नाहीस तर भाऊबीजेला अकोटला ये. मी म्हणालो, 'नाही बाई, पानमळा कोन पाहीन?' आणि तू 'बरं' म्हणालीस. बाई, तूसुद्धा? पुन्हा एकडाव विचारजो.