पिवळी गाडी कोणाची

कोइमतूर,
९ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आप्पांस,
आरोहीचा सा. न. वि. वि.

फोन करून उपयोग नाही म्हणून लिहिते आहे. साखर कारखान्यात मिलशेजारी उभं राहून तुमचे कान गेले, कानात यंत्र घालायला तुम्ही तयार नाही, आणि आज मला जे म्हणायचं आहे ते दिग्विजयच्या तोंडून तुमच्यापर्यंत आलं तर त्यातलं निम्मं वाटेतच गळेल.

त्याचा अकलूजचा साखरपुडा छान झाला, होणारी वहिनी गोड आहे, हे सगळं मला नीलम्माकाकूंनी पाठवलेल्या व्हिडिओत दिसलं. रजा मिळाली नाही म्हणून वाईट वाटत होतं. मग त्याच व्हिडिओत माझी गाडी दिसली आणि वाईट वाटायचं थांबलं. पाठीमागे बाजेएवढा पंख, चकचकीत चाकं, जाडजूड सायलेन्सर, आणि गाडी जमिनीला इतकी टेकलेली की अकलूजच्या पहिल्याच गतिरोधकावर तिचं पोट घासलं असणार. आप्पा, ती गाडी मी माझ्या पगारातून घेतली. जुनी असली तरी दोन दारांची खरी स्पोर्ट्स कार आहे. इथे पार्किंग नाही म्हणून ती सोलापुरात ठेवली. जानेवारीत इथल्या ट्रॅकवरच्या शर्यतीत मी ती चालवणार आहे, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

माझ्याकडे पैसे बेताचे, म्हणून गाडीत काय बदलायचं यावर मी वर्षभर डोकं खपवलं. इंजिनाला हात लावायचा नाही, कारण ताकद वाढवणं महागात पडतं आणि ती पेलायला आधी टायर चांगले लागतात. म्हणून पहिल्यांदा टायर. मग ब्रेकचे पॅड आणि तापून उकळणार नाही असं ब्रेक ऑइल. मग चाकांची अलाइनमेंट. बस. मी नोकरीत रोज ब्रेकच्याच चाचण्या घेते, मला यातलं कळतं. सगळं सामान मी होटगी रोडला विरुपाक्षच्या गॅरेजमध्ये पाठवलं होतं. आता तो म्हणतो, घरून निरोप आला, ते सामान परत केलं, त्या पैशात हा साज चढवला आणि गाडी खाली बसावी म्हणून स्प्रिंगा कापल्या. कापलेल्या स्प्रिंगांची गाडी शर्यतीच्या तपासणीत पास होत नाही. आणि तशीच वेगात वळवली तर मी उलटेन.

निरोप कोणी दिला? उत्तर तुमच्याकडून हवं आहे.

लोभ तेवढा असू द्या, राग माझ्याकडे भरपूर आहे.

आपली,
आरोही


सोलापूर,
१६ नोव्हेंबर २०२५

चि. आरोहीस आप्पाचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. बापाला जाब विचारायची ही रीत कुठं शिकलीस? तुझी आई असती तर तिनं चांगलं सुनावलं असतं. निरोप कोणी दिला म्हणतेस तर ऐक, मीच दिला. दिग्विजयला एक शब्द बोलायचा नाही. मुलगी बघायला गेलो तेव्हाच गाडी पाहुण्यांच्या डोळ्यांत भरली होती. मग साखरपुड्याला जरा नटवून न्यावी असं माझ्या मनात आलं. त्यात एवढं काय बिघडलं? सायलेन्सर तर मी स्वतः पसंत केला. काय त्याचा आवाज, लई भारी, वाघासारखा. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की आत घरात कळतं. तुझ्या त्या टायरांकडं कोण बघतंय? काळं ते काळंच.

लग्न होईपर्यंत गाडी त्याच्याकडंच राहील. शर्यत काय, पुढच्या वर्षीपण असतेच की. तुला एकच भाऊ आहे, बहिणीनं एवढं मन मोठं करावं.

जेवणाची आबाळ करू नकोस. तिकडं नुसता भात खाऊन वाळली असशील. नीलम्मावहिनींकडून शेंगाचटणी करून घेतली आहे, कुरिअरनं पाठवतो. रागावलो असलो तरी बाप आहे, हे ध्यानात असू दे.

तुझा,
आप्पा


कोइमतूर,
२२ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आप्पांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी हसले आणि मग इतकी चिडले की ऑफिसात कोणाशी धड बोलले नाही. आप्पा, तुम्हाला दारावरची बेल ऐकू येत नाही. दिवाळीत दाराशी फटाक्यांची माळ लागली तेव्हा तुम्ही आरामात पेपर वाचत होता. आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या सायलेन्सरचा आवाज तुम्हाला वाघासारखा वाटला? हे बोल दिग्विजयचे आहेत. तो तुमच्या कानाशी ओरडला आणि तुम्ही उतरवून घेतलंत.

लहानपणापासून हेच चाललं आहे. त्यानं माझी सायकल मोडली तेव्हा ती म्हणे तुमच्या ट्रॅक्टरखाली आली होती. त्यानं कॉलेज सोडलं तेव्हा कॉलेजच वाईट होतं. तुम्ही पांघरूण घालायचं आणि मी मन मोठं करायचं. किती मोठं करू? त्यात आता गाडीपण मावायला लागली.

आणखी एक. मुलगी बघायला जातानाही माझीच गाडी नेली होती, हे मला तुमच्या पत्रातूनच कळलं. तिकडे ती कोणाची म्हणून सांगितली? त्याची, असंच ना? मग आता तुम्ही अकलूजला जा आणि ती तुमच्या लेकीची आहे असं त्या लोकांना तोंडानं सांगा. नुसती गाडी परत करून भागणार नाही. तोवर मी लग्नाला येणार नाही.

चटणी पोचली. चांगली झाली आहे, पण राग गेलेला नाही.

आपली,
आरोही


सोलापूर,
२८ नोव्हेंबर २०२५

चि. आरोहीस आशीर्वाद.

तुझं पत्र फाडायला घेतलं होतं. फाडलं नाही.

होय, निरोप मी दिला हे खोटं लिहिलं. अकलूजला मुलीच्या मामांनी विचारलं, गाडी कोणाची. दिग्विजय म्हणाला, माझी. मला ऐकू आलं नाही, पण ओठांवरून कळलं. तिथंच बोलायला पाहिजे होतं. मी चहा पीत बसलो. कान गेल्याचा फायदा आयुष्यात तेवढा एकदाच घेतला.

पण आता तू म्हणतेस म्हणून जाऊन सांगू? पत्रिका छापायला निघाल्यात. सोयरीक मोडली तर पोराला पुन्हा कोण मुलगी देईल? तुला भावापेक्षा चार चाकं मोठी झाली का? या विषयावर पुन्हा पत्र टाकू नकोस, टाकलंस तर वाचणार नाही. आशीर्वाद आहेत, ते काही माझ्या रागावर अवलंबून नाहीत.

तुझा,
आप्पा


अकलूज,
८ डिसेंबर २०२५

प्रिय आरोहीताईंस,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

आपण अजून भेटलो नाही. मी ऋतुजा, तुमच्या भावाशी लग्न ठरलेली. तुमचा पत्ता आप्पांनी दिला. फोनच करणार होते, पण रागात बोलायला लागले की मला रडू येतं, आणि हे मला न रडता सांगायचं आहे.

काल आप्पा एसटीनं एकटेच आमच्याकडे आले. चहा पुढे केला तो घेतला नाही. बाबांना आणि मामांना समोर बसवून म्हणाले, "पिवळी गाडी माज्या लेकीची हाय. पोरगं खोटं बोललं आन् मी गप बसलो." त्यांना स्वतःचा आवाज कळत नाही, त्यामुळे शेजारचेही दारात आले. मामा फार लागट बोलले. आप्पा त्यांच्या तोंडाकडे बघत होते, म्हणजे सगळं कळलं असणार. निघताना त्यांनी तुमच्यासाठी निरोप दिला. विरुपाक्षांनी अख्ख्या स्प्रिंगा मिळवल्या आहेत, त्या बसल्या की गाडी ट्रकवर चढवून तुमच्याकडे पाठवणार आहेत.

ताई, मला शंका आधीच आली होती. साखरपुड्यानंतर दिग्विजयनी मला त्या गाडीतून जेवायला नेलं. परत निघताना त्यांना रिव्हर्स गिअर सापडेना. शेवटी हॉटेलच्या वेटरांनी गाडी मागे ढकलली, आणि दिग्विजयनी मला सांगितलं की गिअर तापलाय. कधीतरी स्वतःहून सांगतील म्हणून वाट बघत राहिले. गाडीचा मला मोह नाही. मी डेअरीत नोकरी करते, माझी स्कूटी चांगली चालते.

आप्पा गेल्यावर मी दिग्विजयना फोन केला. आप्पा येऊन गेले हे सांगितलं नाही. नुसतं विचारलं, की तुमच्या गाडीत तुम्ही काय काय बदललंत. म्हटलं, आता तरी खरं सांगतील. ते बराच वेळ बोलले. पैसे बेताचे होते म्हणून इंजिनाला हात लावला नाही, आधी टायर घेतले, मग ब्रेकचे पॅड. वर्षभर डोकं खपवलं म्हणाले.

ब्रेकमधलं त्यांना एवढं कळत असेल असं मला वाटत नाही. ते कोणाचं बोलत होते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

आज सकाळी मी घरात सांगून टाकलं की हे लग्न होणार नाही. बाबा म्हणाले विचार कर. मी केला आहे. आप्पांना अजून कळवलेलं नाही, ते तुम्ही कळवा, आणि तुमच्या त्यांच्यावरच्या रागात माझा राग मिसळू नका. तुम्ही माझ्या नणंद होणार नाही, याचं मात्र मला मनापासून वाईट वाटतं.

नातं जुळलं नाही तरी लोभ ठेवा.

आपली,
ऋतुजा